खोबरेल, कासवं आणि पाणकावळे

आखातात मी एकवीस वर्षं तेलात होतो. गावी असं सांगितलं की माणसं जरा सरसावून बसायची आणि मग भाच्याच्या नोकरीचा विषय काढायची. त्यांना वाटायचं, मी तेल काढतो. मी तेल काढत नव्हतो. एकाने काढलेलं आणि दुसऱ्याने सांडलेलं तेल मी उचलत होतो. या धंद्यात गिऱ्हाईक कधीच हसतमुखाने येत नाही आणि दुसऱ्यांदा आलं तर त्याचं काहीतरी चुकत असतं.

धंदा समजायला सोपा आहे. तेल पाण्यावर तरंगतं, एवढं शाळेत शिकवतात. पुढचं शिकवत नाहीत. पहिल्या दिवशी ते पाण्यावर रंगीत दिसतं आणि लोक फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी त्यातला हलका भाग उडून जातो आणि वासाने डोकं धरतं. मग लाटा त्याला पाण्याबरोबर घुसळून चॉकलेटी खिरीसारखं करतात, आणि आठवड्याभरात किनाऱ्यावर जे पोचतं त्याला तेल म्हणण्यात अर्थ नसतो, ते डांबर असतं. आमची कामं तीन. थोपवणं, उचलणं, पुसणं. थोपवायला बूम, म्हणजे पाण्यावर तरंगणारा लांबच लांब जाड पट्टा, त्याला खाली झालर. उचलायला पंप आणि फावडी. पुसायला तेल पिणारे पांढरे चौकोनी तुकडे, ज्यांना माझी माणसं डायपर म्हणायची.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये माझी एक शेड होती. नववी नापास होऊन लाँचवर खलाशी म्हणून आलेल्या माणसाच्या मानाने ती शेड मोठी होती. सहाशे मीटर बूम, तीन पंप, दोन पिकअप आणि बावीस माणसं, बहुतेक रत्नागिरी आणि रायगडची. माझं इंग्रजी टेंडरं वाचून तयार झालेलं, त्यामुळे मला 'गुड मॉर्निंग'पेक्षा 'सब्जेक्ट टू अप्रूव्हल' आधी आलं. भाव करायला मला कोणी शिकवलं नाही. समोरचा एक बोलला की त्याचं अर्धं करायचं, आणि अर्ध्यावर तो तयार झाला तर आपण पावपासून का सुरुवात केली नाही म्हणून रात्री जेवण जायचं नाही. स्वभाव तापट. हे कौतुकाने सांगत नाही, त्यापायी माझे दोन वॉकीटॉकी खाडीत गेले.

गिऱ्हाइकांचे नमुने खूप. एका हॉटेलच्या मॅनेजरला शुक्रवारच्या आत बीच स्वच्छ हवा होता, कारण शुक्रवारी लग्न होतं. मी माणसं आणि वेळ सांगितली. तो म्हणाला, "ते औषध मारा ना, ज्याने तेल गायब होतं." असं औषध आहे. पण तेल गायब होत नाही, त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खाली जातं. मी त्याला म्हटलं, "साहेब, कचरा गालिच्याखाली जातो, घराबाहेर जात नाही." तो म्हणाला, "पाहुणे गालिच्याखाली बघत नाहीत." त्याच्याशी मी बराच भांडलो. शेवटी त्याने दुसरा माणूस बोलावला. लग्न छान झालं असं ऐकलं.

पण मी लिहायला बसलो ते त्याच्याबद्दल नाही. एका इंग्रजी अहवालात माझ्या कंपनीचा उल्लेख 'अप्रशिक्षित कंत्राटदार' असा छापलेला आहे. तो मी पंचवीस वर्षं गिळला. आता सांगतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट. जानेवारी महिना. तेल वाहणारा एक जुनाट, गंजलेला बार्ज उत्तरेकडे रास अल खैमाच्या बाजूला फुटला. कोणाचा, कुठून कुठे चालला होता, हे कोणी विचारायचं नाही अशा जातीचा. तिसऱ्या दिवशी तेल किनाऱ्याला लागलं आणि माझा फोन वाजला. फोनवर नायर होता. ज्यांच्याकडून मला काम मिळालं त्यांचा तो कोऑर्डिनेटर, पालघाटचा, कायम थकलेला. आम्ही भाव केला, म्हणजे मी भांडलो आणि तो थकला. कराराच्या कागदावर स्पष्ट होतं: किनारा, खडक, खाडीचं तोंड. प्राणी नव्हते. कोणाला आठवलेच नव्हते.

दोन दिवसांनी नायर एका गोऱ्या बाईला घेऊन साइटवर आला. पन्नाशीची, उंच, नाक उन्हाने सोललेलं. नाव इंग्रिड. नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडची, प्राण्यांची डॉक्टर. विमा कंपनीने पाठवलेली. तिने उभं आयुष्य बर्फातल्या सीलवर काम केलं होतं. सील म्हणजे कुत्र्याचं तोंड आणि माशाचं अंग असलेलं जनावर. मी नायरला हिंदीत म्हटलं, "इथे बर्फ फक्त ज्यूसच्या दुकानात असतो. ही बाई कशाला?"

नायर म्हणाला, "रझाकभाई, त्यांच्या यादीत 'तेल आणि प्राणी' याखाली एकच नाव होतं."

आम्ही पोर्टाकॅबिनमध्ये बसलो. सुलेमानी चहा आला. बाईने मला सीलचं सांगायला सुरुवात केली. मी वेळ जावा म्हणून ऐकत होतो. बर्फाखाली राहणारा सील श्वासासाठी बर्फात एक भोक राखून ठेवतो. बर्फाखाली तेल पसरलं की ते वर यायला फट शोधतं, आणि नेमकं त्या भोकात जमा होतं. म्हणजे सील श्वास घ्यायला वर येतो तो थेट तेलात. डोळे लाल होतात, वाफ छातीत जाते. जाड तेल असेल तर पिल्लाचे वल्ह्यासारखे पाय अंगाला चिकटतात आणि पोहणारं जनावर बुडून मरतं. आणि आई पिल्लाला वासावरून ओळखते. पिल्लाला तेलाचा वास लागला की काही आया हुंगतात आणि तोंड फिरवतात.

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा लांब उभी राहते," ती म्हणाली. "माणूस जवळ गेला की सगळा कळप पाण्याकडे धावतो आणि पिल्लं चिरडतात. तुमच्या धंद्यात कोणी लांब उभं राहायचे पैसे देतं का?"

मला बाई आवडली, पण ते दाखवून भाव वाढवायचा नव्हता. मी म्हटलं, "मॅडम, इथे सील नाही."

"तेल तेच आहे. मला सहा माणसं हवीत."

"प्राणी माझ्या करारात नाहीत."

"ते तेलाला माहीत नाही."

"एक माणूस देतो."

"पाच."

"दोन. त्यातला एक म्हातारा."

"बरं, दोन. पण आधी त्यांना शिकवणार. सकाळी आठ ते दुपारी बारा."

"एक तास."

"चार तासांचं शिकवणं एका तासात होत नाही."

"मग आठ ते दहा. दहाला भरती लागते, मला सगळी माणसं बूमवर हवीत. दहाला मी हॉर्न मारणार. खलास."

ती 'ठीक' म्हणाली. चाराचे दोन केले म्हणून त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

दोन माणसांतला म्हातारा म्हणजे लतीफचाचा. लतीफ तांडेल, आमच्याच दाभोळ खाडीतले, पलीकडच्या तीरावरचे. पूर्वी स्वतःची होडी होती. ती गेल्यावर उतारवयात इकडे आले. अठ्ठावन्न वय. त्या वयाला व्हिसा मिळत नाही, आहे तो कसाबसा पुढे ढकलत होतो. धाकटी मुलगी रत्नागिरीला डी.एड.ला होती, तिची दीड वर्षं बाकी. चाचा मला 'अरे रझाक' म्हणायचे, सगळ्यांच्या देखत. बावीस माणसांत मला एकेरीत हाक मारणारे ते एकटेच. मी त्यांना बाईकडे दिलं कारण त्यांना फावडं झेपत नव्हतं. दुसरा गणपत, संगमेश्वरचा. त्याला दिला कारण तो फार बोलायचा आणि इतरांचं काम थांबायचं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी तिथून गेलो तेव्हा बाई टबात ठेवलेल्या दोन कासवांपाशी बसून शिकवत होती. मध्येच सीलच्या विषयावर गेली. मोठ्या सीलच्या कातडीखाली चार बोटं चरबी असते, सांगत होती. अंगाला तेल लागलं तरी त्याला थंडी वाजत नाही. त्रास होतो तो डोळ्यांना, पोटाला, छातीला. कासवाचंही अंग पुसण्याची घाई नको, आधी तोंड आणि डोळे मोकळे करा. मी गाडीत बसून चहा प्यालो. मग दहा वाजले. बाई म्हणत होती, "पण पिल्लाचं वेगळं असतं, त्याच्याकडे अजून चरबी नसते, त्याची सगळी मदार अंगावरच्या..."

मी हॉर्न मारला. "यल्ला, यल्ला!"

गणपत उठला. चाचा बाईकडे बघत बसून होते. मी पुन्हा मारला. ते उठले.

आता खोबरेलाचं सांगतो. मे महिन्यात आमच्या किनाऱ्यावर डांबराच्या गोळ्या येतात, कोकणातल्या माणसाला हे नवं नाही. वाळूतून हिंडून आलं की तळपाय काळे. आई घरात पाऊल टाकू द्यायची नाही. ओट्यावर बसवायची आणि खोबरेल चोळायची. घासलेटने आग होते आणि ते रेशनवर मोजून मिळायचं, खोबरेल घरचं. डांबर खोबरेलात विरघळतं, मग फडक्याने पुसून घ्यायचं. दाभोळपासून जयगडपर्यंत कुठल्याही घरात विचारा.

बाईचं सामान, म्हणजे खास साबण आणि औषधं, विमानतळावर अडकलेलं होतं. रोज 'बुक्रा, इन्शाल्ला', म्हणजे 'उद्या, देवाची इच्छा असेल तर', ऐकू यायचं. त्या दोनपैकी एका कासवाच्या तोंडात डांबराचा गोळा बसलेला, जबडा मिटत नव्हता. बाई पाणी आणि चिमट्याने काढायला बघत होती, निघत नव्हतं. चाचांनी जेवणाच्या पिशवीतून डोक्याला लावायच्या खोबरेलाची बाटली काढली. जानेवारीची सकाळ, तेल थिजून पांढरं झालेलं. त्यांनी बाटली पिकअपच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवली. पातळ झाल्यावर जुन्या लुंगीच्या चिंधीला लावून बोटाने कासवाच्या तोंडात आतून फिरवायला लागले.

"हे काय आहे?" बाईने विचारलं.

"हेअर ऑइल, मॅडम," गणपत म्हणाला. "व्हेरी गुड फॉर डँड्रफ."

तिने बाटली हुंगली. थांबवणार असं वाटलं. पण तिने चाचांचा हात बघितला आणि थांबवलं नाही. अर्ध्या तासात गोळा सुटून आला. कासवाने जबडा मिटला तो गणपतच्या ग्लोव्हवर. बाई इतकी हसली की तिला बसावं लागलं. मग तिने वही काढली आणि चाचांना नावाचं स्पेलिंग विचारलं. चाचांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, त्यांनी लेबर कार्ड काढून दिलं. तिने ते बघून वहीत उतरवलं. हाताचे फोटोही काढले. त्या आठवड्यात चाचांनी नऊ कासवं मोकळी केली. सगळ्या कॅम्पमधल्या बाटल्या गोळा झाल्या, बावीस माणसं कोरड्या केसांनी हिंडत होती.

मग बाईला अबू धाबीकडे जावं लागलं, समुद्रगायींची पाहणी होती. दोन दिवसांत येते म्हणाली. जाताना मला म्हणाली, "पक्ष्यांचा भाग राहिलाय. मी आल्यावर पूर्ण तास द्या."

"इन्शाल्ला," मी म्हटलं. तिथे या शब्दाचा एक अर्थ 'नाही' असाही होतो.

ती गेली आणि त्याच दिवशी दुपारी पाणकावळे आले. समोरच्या बेटावर त्यांची वस्ती होती. माझ्या माणसांनी किनाऱ्यावरून त्रेचाळीस उचलून आणले, खोक्यांत भरून. काळे पक्षी, त्यामुळे तेल दिसत नव्हतं, फक्त डोळे दिसत होते. नायरला फोन केला. तो म्हणाला, "क्लायंटचे लोक उद्या सकाळी बघायला येणार आहेत. काहीतरी करा."

मी चाचांना म्हटलं, "चाचा, घ्या बाटल्या."

चाचा म्हणाले, "अरे रझाक, कासवाचं ठाऊक आहे. पाखराचं मला ठाऊक नाही. बाईला येऊ दे."

"बाई परवा येणार. उद्या साहेब येणार."

"म्हणून काय झालं? पाखराला आपण कधी तेल लावलंय का? कोंबडीला लावलंय?"

गणपत म्हणाला, "कोंबडीला लावतात की, पण मसाला घालून."

सगळे हसले आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "जे कासवाला चालतं ते पाखराला का नाही? तेल तेच, डांबर तेच. इथे पगार मी देतो. लावा!"

चाचा खाली बसले आणि पहिला पक्षी मांडीवर घेतला. मग सगळेच बसले. काम उत्तम झालं. काळं पुसून निघालं, पिसं चकाकायला लागली. मी स्वतः आठ पक्षी केले. रांगेने खोक्यांत ठेवले तेव्हा ते नुकतेच रंगवल्यासारखे दिसत होते. शेडमध्ये ठेवून आम्ही जेवायला गेलो.

आखातात थंडी नसते असं लोकांना वाटतं. जानेवारीत वारा सुटला की किनाऱ्यावर स्वेटर लागतो. सकाळी सहाला शेड उघडली. त्रेचाळीसांतले छत्तीस मेले होते. खोबरेल पिसांत थिजून पांढरं झालं होतं. काळ्या पक्ष्यांवर पांढरा थर. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ घाण बघितली आहे, ते मी अजून बघतो.

साहेब लोक आठला आले. त्यांनीही बघितलं.

बातमी कळून इंग्रिडबाई त्याच दुपारी परतली. मला वाटलं, ओरडेल. मी भांडायच्या तयारीत होतो, मनात चार वाक्यं इंग्रजीत जुळवलीसुद्धा होती. ती खोक्याशी बसली, एका पक्ष्याची पिसं बोटाने फाकवली आणि सावकाश, शिकवायच्या आवाजात बोलली. पक्ष्याला सीलसारखी चरबी नसते. त्याची पिसं एकमेकांत अडकून कोट तयार होतो, त्यात हवा राहते, ती त्याला ऊब देते. तेल लागलं की कोट फाटतो. कुठलंही तेल. जमिनीतलं असो की नारळाचं. कासवाला असला कोट नसतोच. मोठ्या सीलला असतो पण त्याचं त्यावाचून अडत नाही, आत चरबी असते. सीलच्या पिल्लाचं मात्र पक्ष्यासारखं असतं.

"हे तुम्ही त्या दिवशी सांगत होता," मी म्हटलं.

"दहा वाजले होते," ती म्हणाली.

संध्याकाळी नायर आला. गाडीतून न उतरताच म्हणाला, "रझाकभाई, क्लायंटला नाव पाहिजे."

"कशाला?"

"अहवालात 'काय कारवाई केली' असा रकाना आहे. त्यात काहीतरी लिहावं लागतं. कोणीतरी म्हणालंय, तो कासवाला तेल लावणारा म्हातारा. व्हिसा कॅन्सल करून पाठवून द्या म्हणतात. एक माणूस पाठवला की प्रकरण मिटतं."

"हुकूम माझा होता."

"तुमचा व्हिसा कसा कॅन्सल करणार? मग किनारा कोण साफ करणार?" नायर खरंच थकलेला होता. "अहवाल बाई लिहिणार. ती नाव देईल, तेच लागेल."

चाचांना पाठवलं असतं तर त्या वयात पुन्हा येणं नव्हतं. आणि दीड वर्षं बाकी होती. मी दुसऱ्या दिवशी बाईच्या हॉटेलवर गेलो. खाली कॉफी शॉपमध्ये ती टाइप करत बसली होती. एक कॉफी तीस दिरहॅम, म्हणजे तेव्हाचे साडेतीनशे रुपये. मी मागवली नाही.

"पक्ष्यांच्या जागी चाचांचं नाव लिहू नका," मी म्हटलं. "ते नको म्हणाले होते. मी लावायला लावलं."

"मला माहीत आहे. गणपतने सांगितलं. तुमचं लिहू?"

"लिहा. कासवांच्या जागी मात्र त्यांचं लिहा. युक्ती त्यांची आहे."

ती लॅपटॉपवरून हात काढून बसली. "ते जमणार नाही. पान बारावर मी लिहिलं की लतीफ तांडेल याने खोबरेलाने कासवं वाचवली. पान तेरावर लिहिलं की खोबरेलाने छत्तीस पक्षी मेले. वाचणारा विचारेल, खोबरेल लावणारा कोण? तो बाराव्या पानावर सापडेल."

तिचं बरोबर होतं. तिथे मी आयुष्यातली सगळ्यात वाईट घासाघीस केली, कारण घासायला जागाच नव्हती. नाव दोन्ही ठिकाणी किंवा कुठेच नाही. मी दोन तास बसलो. फक्त त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर लिहा, म्हटलं. 'एक कोकणी नाविक' लिहा, म्हटलं. ती प्रत्येक वेळी तेच विचारायची: "कोकणी किती आहेत तुमच्याकडे, आणि म्हातारा किती?" शेवटी ठरलं. कासवांच्या जागी: 'तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वनस्पती तेल वापरलं.' पक्ष्यांच्या जागी: 'अप्रशिक्षित कंत्राटदाराच्या माणसांनी, कंत्राटदाराच्या सूचनेवरून.' मी खाली सही केली.

घरी माझ्या मुलीने अहवाल वाचला. ती शारजाच्या शाळेत सातवीत होती. म्हणाली, "पपा, इट सेज अनट्रेन्ड. दॅट्स यू?" मी म्हटलं, हो. "ओके," म्हणाली आणि टीव्ही लावला.

प्राणी असलेल्या किनाऱ्यावरची कामं मला पुढे तीन वर्षं मिळाली नाहीत. यादीतच नाव नव्हतं. मग यादीत परत यायला प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट लागेल म्हणाले. दुबईतल्या एका हॉटेलात दोन दिवसांचा कोर्स. पैसे भरून मी पहिल्या रांगेत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एका तरुण गोऱ्या मुलाने पडद्यावर चित्र दाखवलं: कासवाच्या तोंडातलं डांबर कोमट वनस्पती तेलाने कसं काढायचं. चित्रात दोन हात होते, मनगटापर्यंतच. उजव्या हाताची करंगळी वाकडी, लहानपणी दोरखंडात सापडलेली. मी ते हात ओळखले.

हात वर करून विचारलं, "हे हात कोणाचे?"

त्याने कागद चाळले. "स्थानिक स्वयंसेवक," तो म्हणाला. "प्रश्न तेलाबद्दल विचारा."

माझ्या स्वभावाप्रमाणे मी त्या वेळी टेबल उलटवायला हवं होतं. मी विचारलं, तेल किती कोमट करायचं. त्याने सांगितलं. मी लिहून घेतलं. सर्टिफिकेट मिळालं.

त्याआधीच लतीफचाचा गावी गेले होते. कोणी पाठवलं नाही. मुलगी पास होऊन नोकरीला लागली, तेव्हा स्वतःहून व्हिसा कॅन्सल करून, सामान बांधून, सगळ्यांना मिठाई वाटून गेले. अहवालाचं, नायरचं, कॉफी शॉपचं त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी स्वतः नायरसमोर जाऊन उभे राहिले असते. तांडेल माणूस, म्हणजे होडीचा म्होरक्या, होडी बुडाली तर मीच बुडवली म्हणणारा.

मी कायमचा परत आलो त्यानंतर खाडी ओलांडून त्यांना भेटायला गेलो. अंगणात जाळं विणत बसले होते. होडी नव्हती, तरी विणत होते. मुलगी शाळेतून आली होती, चहा ठेवायला आत गेली. इकडचं तिकडचं झालं. मग चाचा म्हणाले, "त्या बाईने माझं नाव लिहून घेतलं होतं. स्पेलिंगसकट. पुस्तक छापणार म्हणाली होती. छापलं?"

"छापलं."

"माझं नाव आहे?"

"नाही."

त्यांनी विणणं थांबवलं. "तू विचारलंस?"

मी जाळ्याचं एक टोक हातात घेऊन चाचपलं.

"अरे रझाक, तू वावभर दोरीसाठी तीन-तीन दिवस भांडायचास. त्या हॉटेलवाल्याशी भांडलास, त्या नायरचं रक्त आटवलंस. माझ्या एका नावासाठी तुझं तोंड उघडलं नाही? नऊ कासवं होती. मी मोजली होती."

"अब्बा, सोडा ना," मुलगी आतून म्हणाली.

"का सोडू? पाखरांचं मला वाईट वाटतं, ते माझ्या हातून झालं. पण कासवंही माझ्याच हातून झाली. एवढं तरी कोणी लिहायला हवं होतं."

मी चहा घेतला आणि निघालो. तरीच्या होडीत बसेपर्यंत त्यांचा आवाज येत होता. त्यानंतर दोन ईदांना मी फोन केला, मुलगीच बोलली.

चाचांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांना कुठला व्हिसा नको आहे आणि कोणी त्यांना कुठून पाठवूनही देऊ शकत नाही. म्हणून लिहितो. कासवाच्या तोंडातलं डांबर खोबरेलाने काढायची युक्ती त्या किनाऱ्यावर दाखवली ती लतीफ तांडेल यांनी, आणि नऊ कासवं त्यांनी वाचवली. पाणकावळ्यांना तेल लावायला मी सांगितलं. ते नको म्हणाले होते, मी पगाराचा हिशोब काढला. त्यांचं नाव अहवालात नाही, कारण मी ते काढायला लावलं. तसं केलं नसतं तर काय झालं असतं ते वर लिहिलं आहे, पण ते त्यांना विचारून केलं नव्हतं.

हे ज्या अंकात छापलं जाईल तो निघाला की एक प्रत त्यांच्या मुलीकडे पाठवणार आहे. त्यांना आता नीट दिसत नाही, ती वाचून दाखवेल. मास्तरीण आहे, वाचताना अडखळणार नाही. पण पाखरांच्या जागी आली की ती पान उलटेल, अब्बांना नको म्हणून. तिला माझं एवढंच सांगणं आहे, बाई, उलटू नको. तिथेच लिहिलंय, की ते नको म्हणाले होते.